पत्र खरं, पाठवणारा खोटा

साशंक: सहा वर्षांत तुम्ही आमच्या ईमेलच्या दारावर तिसरा राखणदार बसवायला निघालात. आधी स्पॅम गाळणारी चाळणी होती. मग गेटवे आला, म्हणजे आमचं टपाल आधी परक्या सर्व्हरवर उतरणार, तिथे तपासलं जाणार आणि मग आमच्याकडे येणार. आता तुम्ही म्हणता की गेटवेचे दिवस संपले, मेल पेटीत पडल्यावर आतून वाचणारं नवं साधन घ्या, दर पेटीमागे दरमहा इतके रुपये. मी बंगळूरच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे हिशेब सांभाळतो. संगणकाचं सगळं काम तुमच्याकडे सोपवलं, कारण ते आमच्या आवाक्यातलं नव्हे. पण प्रेस मशीनवर दर दोन वर्षांनी नवं गार्ड बसवायची पाळी आली, तर मी गार्डची चौकशी सोडून मशीनची चौकशी करतो. इथेही तेच विचारतोय. तीन राखणदार झाले तरी फसवणारे मेल येतातच. मग सुधारतंय काय?

आग्रही: मग मशीनचीच चौकशी करू. हे मशीन १९८२ सालचं आहे. त्या वर्षी जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मेल एका संगणकावरून दुसऱ्यावर कसा जावा याचे नियम लिहिले. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या, बहुतेक एकमेकांना ओळखणाऱ्या. पाठवणारा जे नाव सांगेल ते घेणाऱ्यानं मानायचं, असाच व्यवहार ठरला. पाकिटाच्या कोपऱ्यात 'प्रेषक' म्हणून कुणीही काहीही लिहावं, तसं. मुळातला नियम आजही तोच आहे, आणि चाळीस वर्षं आपण त्याला ठिगळं लावतोय. पण ठिगळं म्हणून त्यांना हिणवू नका. एसपीएफ म्हणजे यादी, आमच्या नावानं पत्र टाकायची परवानगी कुठल्या सर्व्हरांना आहे याची. डीकिम म्हणजे मोहोर. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर राजमुद्रा असे आणि मजकूर संपे तिथे मर्यादेची छोटी मुद्रा, पुढे कुणी ओळ घुसडू नये म्हणून. डीकिम ही दोन्ही कामं करतं. पत्र कुणाच्या घरून निघालं ते सांगतं, आणि वाटेत एक अक्षर बदललं तरी मोहोर फुटते. राघोबादादांच्या चिठ्ठीतल्या 'धरावे'चं 'मारावे' झालं ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्या चिठ्ठीला अशी मोहोर असती, तर तो ध चा मा गारद्यांच्या हाती पडायच्या आत उघडा पडला असता. आणि डीमार्क म्हणजे हुकूम. यादीही जुळत नाही, मोहोरही जुळत नाही, अशा पत्राचं काय करायचं? नुसती नोंद ठेवायची, बाजूला काढायचं, की दारातून परत लावायचं?

आता खरी मेख सांगतो. बहुतेक लहान कंपन्या पहिल्याच पायरीवर बसल्या आहेत, 'नुसती नोंद ठेवा'. कारण पुढे जायची भीती वाटते. पगाराच्या स्लिपा एका सॉफ्टवेअरमधून जातात, बिलं दुसऱ्यातून, जाहिराती तिसऱ्यातून, तक्रारींची उत्तरं चौथ्यातून, आणि सगळं तुमच्याच नावानं. त्या यादीलाही मर्यादा आहे. ती तपासताना दहापेक्षा जास्त वेळा डीएनएसकडे, म्हणजे इंटरनेटच्या पत्तेवहीकडे, विचारणा करावी लागली की अख्खी यादीच बाद ठरते. म्हणजे विक्री विभागानं कुठलंसं नवं ॲप घेतलं की अकाउंट्सचे मेल अडकायला लागतात. गुगल आणि याहूनं २०२४ च्या फेब्रुवारीपासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं केलं, पण त्यांनाही पहिली पायरी चालते. माझ्याकडे चाळीसेक कंपन्या आहेत. या चाळीस याद्या रोज कुणी वाचायच्या? चांगलं साधन ते करतं. कुणाच्या नावानं कुठून पत्रं निघतात ते दाखवतं, आणि महिन्यादोनमहिन्यांत एकेका कंपनीला सुखरूप तिसऱ्या पायरीवर नेतं. सुधारणा म्हणतो ती ही. दिसायला किरकोळ आहे, पण तुमच्या नावानं तुमच्याच गिऱ्हाइकाला कुणी उघड खोटं पत्र टाकू शकत नाही, एवढं तरी साधतं.

साशंक: हे मला मान्य आहे, आणि ते काम तुम्ही आमच्यासाठी केलंत म्हणून मी आभारीही आहे. पण आमचे पैसे गेले ते खोट्या पत्रावर गेले नाहीत. मला ते नीट सांगू द्या, कारण त्यावेळी तुम्हाला मी फक्त 'मेल हॅक झाला' एवढंच सांगितलं होतं.

भोसरीची एक फाउंड्री आम्हाला कास्टिंग देते. अकरा वर्षांचा संबंध. मागे एका पावसाळ्यात त्यांचा मेल आला. नवा नव्हे, चालू असलेल्या पत्रव्यवहारातच उत्तर म्हणून. खाली आधीचे चार मेल तसेच. मजकूर दोन ओळींचा. ऑडिटमुळे आमचं नेहमीचं खातं तूर्त बंद आहे, या बिलाचे पैसे सोबतच्या खात्यात टाकावेत. बिलावर त्यांचंच लेटरहेड, त्यांचाच जीएसटी नंबर, आमच्या ऑर्डरचा नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर. फक्त खातं वेगळं आणि आयएफएससी परगावच्या शाखेचा. आमच्या अकाउंट्समधली मुलगी धारवाडची, कामाला चोख. तिनं आरटीजीएस केलं. पाच दिवसांनी भोसरीहून फोन आला, 'साहेब, पेमेंटचं काय झालं?' सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, पोलिसात गेलो, पण तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. मग मी त्यांच्याकडे मेल सांभाळणाऱ्या मुलाला फोनवर बसवून त्यांच्या मेलच्या सेटिंगमध्ये शोधायला लावलं. तिथे एक नियम सापडला. त्याचं नाव म्हणून फक्त एक टिंब. आमच्या कंपनीकडून येणारा प्रत्येक मेल वाचलेला म्हणून खूण करून 'आरएसएस फीड्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा, असा तो नियम होता. ते फोल्डर त्या घरात कुणी कधी उघडलं नव्हतं. आम्ही 'खातं का बदललं?' म्हणून विचारणारा मेल टाकला असता, तर तोही तिथेच पुरला गेला असता, आणि उत्तर चोरानं दिलं असतं.

म्हणजे यादी जुळत होती, मोहोर शाबूत होती, हुकुमाची हरकत नव्हती. तुमचा ध चा मा वाटेत झालाच नाही. राघोबांच्याच बैठकीवर बसून, त्यांच्याच दौतीतल्या शाईनं, कुणीतरी पहिल्यापासून 'मारावे' लिहिलं होतं. अशा पत्राला तुमची मोहोर उलट विश्वास मिळवून देते.

आग्रही: खरं आहे. आणि गेटवे सोडून पेटीच्या आत बघणारं साधन घ्या असं मी म्हणतो, ते याचसाठी. गेटवे पत्रात विष शोधतो. व्हायरस, वाकडी लिंक, संशयास्पद जोडणी. तुमच्या त्या पत्रात विष नव्हतंच. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा व्यावसायिक मेलफसवणुकीच्या तक्रारींत २.९ अब्ज डॉलरचं नुकसान नोंदलं गेलं, आणि त्यातल्या कितीतरी मेलमध्ये दोन सभ्य ओळींपलीकडे काही नसतं. नव्या साधनाची नजर माणसांच्या सवयींवर असते. कोण कुणाला लिहितं, किती वाजता, कशाबद्दल. अकरा वर्षं बिलावर एकच खातं, आज दुसरं. नेहमी भोसरीतून लॉगिन, आज परदेशातून. मध्यरात्री टिंब नावाचा नियम तयार होतो, त्याला तर पाहताक्षणी हाक मारता येते. त्या फाउंड्रीत असं साधन असतं तर चोर पहिल्याच रात्री दिसला असता. तुमच्याकडे असतं तर निदान खातं बदललेलं दिसलं असतं.

साशंक: फाउंड्रीचा मेल मालकांचा भाचा सांभाळतो, सवडीनं. त्यांच्याकडे काय असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या हाती नाही. माझ्या सुरक्षेची किल्ली परक्याच्या घरात आहे, एवढंच मला त्यातून कळलं. आणि आमच्याकडे इशारा नव्हता असंही नाही. त्या मेलच्या माथ्यावर पिवळी पट्टी होती, 'हा मेल संस्थेबाहेरून आला आहे, जपून', इंग्रजीत. मी त्या मुलीला विचारलं, पट्टी दिसली नाही का? ती म्हणाली, 'सर, ती तर रोजच असते.' आमच्या अकाउंट्सला दिवसाला दीडदोनशे मेल येतात, आणि पुरवठादार, ट्रान्सपोर्टवाले, बँक, सगळेच संस्थेबाहेरचे. दीडशे वेळा खोटी ओरड केलेल्या राखणदाराच्या एकशेएकावन्नाव्या हाकेला कुणी उठत नाही. तिचा दोष मी मानला नाही. तुम्ही मानता का?

आग्रही: नाही. आणि त्या पट्टीचा दोष मी आमच्या धंद्यावर घेतो. साधनं विकणारे 'आम्ही किती पकडलं' हे मोजतात, 'आम्ही किती वेळा उगाच ओरडलो' हे मोजत नाहीत. पट्टी महिन्यातून दोनदाच यावी, पण आली की काहीतरी नेमकं सांगावं. 'या पुरवठादाराचं बँक खातं पहिल्यांदाच बदललं आहे. या मेलमधल्या नंबरवर फोन करू नका, जुन्या नंबरवर करा.' आणि तुमच्या त्या मुलीला कन्नडमध्ये सांगावं, भोसरीच्या भाच्याला मराठीत. या शहरात एका ऑफिसात चार भाषा बोलल्या जातात आणि इशारा मात्र पाचव्याच, कारकुनी इंग्रजीत येतो.

उगाच ओरडण्याचा त्रास तुमच्याच बाजूला आहे असंही समजू नका. आमच्या ऑफिसात रात्रपाळीला दोन मुलं असतात. चाळीस कंपन्या, एक पडदा. मागे एका ग्राहकाच्या खात्यात रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी परदेशातून लॉगिन झालं. पासवर्ड बरोबर, मोबाइलवरची दुसरी खूणही बरोबर, कारण चोरानं मध्ये बनावट लॉगिन पान उभं करून त्या माणसाचं चालू सत्रच उचललं होतं. सूचना आमच्या पडद्यावर आली होती. तिच्या वर आणि खाली 'स्कॅनरवरून मेल जात नाही'च्या सूचनांची रांग होती. आम्ही ती सकाळी नऊला पाहिली. साधन सुधारा असं मी घसा कोरडा करून सांगतो, ते त्या सात तासांमुळे.

साशंक: तुम्ही हे सांगितलंत याचं मला बरं वाटलं. पण 'चाळीस कंपन्या, एक पडदा' हे जे तुम्ही सहज बोललात, माझी खरी भीती तिथेच आहे. चोराला माझ्या कारखान्यात रस नाही. त्याला तो पडदा हवा आहे.

आठवा, २०१९ चा एप्रिल. सर्जापूर रस्त्यावरच्या विप्रोनं मान्य केलं की फिशिंगच्या मोहिमेमुळे आपल्या काही कर्मचाऱ्यांच्या खात्यांत वावग्या हालचाली आढळल्या. ब्रायन क्रेब्स या अमेरिकन पत्रकारानं बातमी आधी फोडली होती. त्याच्या सूत्रांचं म्हणणं असं की विप्रोच्या यंत्रणांचा वापर करून निदान डझनभर ग्राहकांवर चाल केली गेली. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप काढायला निघालेली ही कंपनी तोवर जगभरच्या उद्योगांच्या संगणकव्यवस्था सांभाळत होती आणि सुरक्षेची सेवाही विकत होती. तिथे पैशाची, माणसांची, साधनांची कमतरता नव्हती. तरी वाट मेलमधूनच निघाली. पुढे शिरायला जे वापरलं गेलं ते स्क्रीनकनेक्ट, म्हणजे तुमची मुलं आमच्या संगणकावर दुरून मदतीला येतात त्या जातीचं रीतसर साधन. क्रेब्सच्या माहितीप्रमाणे हल्लेखोरांचा डोळा भेटकार्डांच्या फसवणुकीवर होता. इतक्या मोठ्या घराची चावी, आणि ती भेटकार्डांसाठी.

मग २०२१. जुलैत कासेया कंपनीचं, दुरून संगणक सांभाळायचं साधन वापरणाऱ्या साठेक सेवापुरवठादारांमार्फत हजार-दीड हजार धंदे एका फटक्यात कुलूपबंद झाले. स्वीडनमध्ये कूपची शेकडो किराणा दुकानं उघडू शकली नाहीत, कारण गल्ले चालेनात. ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की नोबेलियम नावाची टोळी मे महिन्यापासून पुनर्विक्रेते आणि सेवापुरवठादार यांच्याच मागे आहे, १४० जणांना सावध केलंय. आणि २०२३ मध्ये तर राखणदारच फुटला. बाराकुडा कंपनीचं मेल तपासणारं उपकरण आलेली जोडणी तपासायला उघडायचं, त्या उघडण्यातच खोट होती. विशिष्ट प्रकारे रचलेली टार फाइल पाठवली की उपकरणाचा ताबा चोराकडे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ते चाललं होतं, कळलं मे महिन्यात. दुरुस्ती करून भागेना, म्हणून जूनमध्ये कंपनीला सांगावं लागलं की बाधित उपकरणं काढून नवीच बसवा.

आता तुमचं नवं साधन मला काय मागतं? माझ्या सगळ्या पेट्या वाचायची परवानगी. नुसती वाचायची नव्हे, मेल हलवायची, पुसायची सुद्धा. ते हुशार आहे, मान्य. पण जितकं हुशार तितका त्याला जास्त अधिकार हवा, आणि जितका जास्त अधिकार तितकं ते चोराला जास्त हवंसं. याचा शेवट कुठे आहे?

आग्रही: तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी माझ्या माणसांना शिकवतो. म्हणून माझं म्हणणं जरा बदलून मांडतो. साधन सुधारणं म्हणजे त्याची पकड वाढवणं, असं मीही एकेकाळी समजत होतो. आता मला वाटतं की आधी चाव्या सुधारायला हव्यात. पूर्वी आम्ही ग्राहकाशी जोडले गेलो की त्याच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ ची सर्वाधिकाराची चावी आमच्या हाती पडायची, बिनमुदतीची. आता जीडॅप म्हणून जी पद्धत आली आहे, तिच्यात चावी कामापुरती आणि फार तर दोन वर्षांची. हेच मेलच्या साधनाला लावा. पासवर्ड बदलणाऱ्या मुलाला मेल वाचता येऊ नये. पेटीतून काही पुसायचं तर दोघांची संमती लागावी. एका ग्राहकाची चावी फुटली तर दुसऱ्याचं दार उघडू नये.

आणि व्हाइटलिस्ट, म्हणजे न अडवता सोडायच्या पत्त्यांची यादी. यावर मी एक तास बोलू शकेन. ग्राहकाचा फोन येतो, अमक्या कंपनीचे मेल अडकतात, गाडी उभी आहे, आत्ताच्या आत्ता सोडा. मुलगा घाबरून त्या कंपनीचं अख्खं डोमेनच मोकळं करतो. गाडी जाते, पण ती नोंद तशीच राहते. तीन वर्षांनी त्या डोमेनमधलं कुणाचंही खातं चोरीला जावो, त्याला तुमच्याकडे लाल गालिचा अंथरलेला असतो. आमच्याकडच्या जुन्या ग्राहकांच्या याद्या मी एकदा काढून बसलो होतो. निम्म्या नोंदी कुणी, का, कधी केल्या याचा पत्ता नव्हता. मला असं साधन हवं आहे की जे मोकळीक देताना कारण विचारेल, तीस दिवसांनी ती आपोआप काढून घेईल, आणि मोहोर शाबूत नसेल तर मोकळीक देणारच नाही. यात कुठलीही एआय नाही. म्हणूनच कदाचित कुणी ते विकत नाही.

साशंक: तो गाडी उभी असल्याचा फोन आमच्याकडूनही आला होता. मीच केला होता, मार्चअखेरीला.

पण मला अजून एक खटकतं. तुम्ही म्हणता साधन सवयी शिकतं. म्हणजे माझ्या कारखान्यातल्या बाईनं रजेसाठी लिहिलेला आजाराचा तपशील, कामगारांच्या पगाराचे आकडे, आमचा भागीदारीतला वाद, हे सगळं शिकून. आणि एका ग्राहकाकडून शिकलेलं चाळीस जणांच्या कामी येतं, हाच तर तुमचा विक्रीचा मुद्दा आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माझ्या कामगारांनी मला माहिती दिली, मी तुम्हाला, तुम्ही साधनवाल्याला. त्यांच्यापैकी कुणी मला विचारलं की माझं पत्र कोण कोण वाचतं, तर काय सांगू?

आग्रही: साधन काय काय पाहतं ते लिहून द्यायला मी साधनवाल्याला भाग पाडू शकतो. मजकूर न ठेवता फक्त नात्यांचा सांगाडा ठेवावा, कोण कुणाला, कधी, असं सांगू शकतो. पण बिलातलं खातं बदललं हे ओळखायला बिल वाचावंच लागतं. इथे माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही. न वाचणारा राखणदार आंधळा आणि वाचणारा परका. मी वाचणारा निवडतो, कारण आंधळ्याचे परिणाम मी पाहिलेत.

साशंक: मी पाहिलेत ते वेगळे. आणि मला दिसतं की या फसवणुकीवरचे सगळ्यात कामाचे उपाय मेलच्या बाहेरून येतायत. रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पर्यंतची मुदत देऊन बँकांना सांगितलं की आरटीजीएस, एनईएफटी करण्याआधी खातेदाराचं नाव पैसे पाठवणाऱ्याला दाखवा. ही सोय आमच्या वेळी असती तर फाउंड्रीच्या जागी भलतंच नाव दिसलं असतं, आणि ती मुलगी थांबली असती. बँकांनी आपली संकेतस्थळं डॉट बँक डॉट इन या राखीव पत्त्यावर न्यायची, हाही त्यातलाच. दर पेटीमागे पैसे नाहीत, माझे मेल कुणी वाचत नाही. मग मी पैसे इथे का घालू?

आग्रही: तिथेही घाला, इथेही घाला. नाव दाखवण्याची सोय उत्तम आहे, पण नाव वाचायचं काम माणसाचंच आहे. आणि तुम्हीच सांगितलंत की रोजची गोष्ट माणूस वाचत नाही. चोर फाउंड्रीसारख्याच नावाची फर्म काढून खातं उघडेल, तेव्हा ती पट्टीही पिवळीच होईल. माझं म्हणणं एवढंच की बँकेपर्यंत पोचायच्या आधी कुणीतरी थांबवायला हवं. नुसतं सांगून भागत नाही, खरोखर थांबवायला हवं. खातं बदललेला मेल साधनानं अडवून ठेवावा, आणि फोनवर खात्री झाल्यावरच सोडावा. तेवढा अधिकार मला द्या.

साशंक: अधिकार द्या म्हणता, तर करार बघू. करारात लिहिलंय की नुकसान काहीही होवो, तुमची जबाबदारी ठरावीक महिन्यांच्या फीपुरती. सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि १८० दिवसांच्या नोंदी जपायच्या असं सांगितलं. त्यानंतर दोनच आठवड्यांत अमेरिका, ब्रिटन आणि आणखी तीन देशांच्या सायबर संस्थांनी सेवापुरवठादारांसाठी सूचनापत्र काढलं, त्यात कुणाची जबाबदारी कुठवर हे करारात स्पष्ट लिहा असं होतं. आपल्या करारात सहा तास कुणाचे, हे लिहिलेलं नाही. तुमचं साधन जितकं शहाणं होत जाईल, तितका माझ्या माणसांचा भरवसा त्याच्यावर सरकेल. 'अडवलं नाही म्हणजे बरोबरच असेल,' असं ती मुलगी उद्या म्हणेल, आणि तिचं चूक नसेल. भरवसा तुमच्याकडे सरकतो, जबाबदारी मात्र माझ्या टेबलावर राहते.

आग्रही: मग दोन्ही सरकवू. अडवायचा अधिकार खरोखर द्या, मी करारातला आकडा वाढवतो. विम्यावाल्याशी बोलतो, फीही वाढेल. पण शनिवारी संध्याकाळी एखाद्या पुरवठादाराचा मेल अडकेल, त्याच्या पैशाशिवाय माल सुटणार नाही, लाइन बंद पडेल, तेव्हा तुम्ही मला 'सोडा' असा फोन करायचा नाही. तेवढं लिहून द्याल?

साशंक: नाही देणार. माझे मालक देऊ देणार नाहीत, आणि लाइन बंद पडली तर सोमवारी मी स्वतःच देणार नाही.

आग्रही: तर मग तुम्हाला असा राखणदार हवा आहे, जो चोराला अडवेल आणि तुम्हाला कधीच अडवणार नाही. ते मला जमणार नाही. पण दोष तुम्हाला देत नाही. अडलेल्या तासाची किंमत तुम्ही भरता, न अडवलेल्या मेलचीही तुम्हीच भरता. मी फक्त आकडे मांडतो. यावर साधन कितीही सुधारलं तरी ते तुमच्यामाझ्यातलं हे गणित सोडवत नाही. ते फक्त त्याला लपू देत नाही.

साशंक: मग निदान एका गोष्टीवर एकमत करू. खातं बदलल्याचा मेल आला की फोन करायचा. अडवून ठेवा, पण चोवीस तासांच्या आत फोन होईल आणि निकाल लागेल, एवढी हमी मी देतो. फोन मेलखाली लिहिलेल्या नंबरवर नाही. माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे, पुरवठादार पहिल्यांदा जोडला गेला तेव्हाचे नंबर त्यात आहेत. काही लँडलाइन आहेत, काही मालकांच्या घरचे. भोसरीचा आहे.

आग्रही: ती वही तुम्ही रजेवर गेलात की कुणाकडे असते?

साशंक: कुणाकडेच नाही. खणाला कुलूप असतं.

आग्रही: तर ते नंबर आम्ही साधनात भरून ठेवू. मेल अडला की योग्य नंबर तिथेच समोर येईल, तुमची मुलगी एका बोटानं फोन लावेल, झालेल्या फोनची नोंदही राहील.

साशंक: तुमच्या साधनात. म्हणजे माझ्या पुरवठादारांचे नंबर बाकीच्या एकोणचाळीस कंपन्यांच्या नंबरांशेजारी, त्याच पडद्यामागे. चोरानं मेलला हातही लावायची गरज नाही. त्यानं फक्त भोसरीचा नंबर बदलायचा, आणि आमची मुलगी नियमाप्रमाणे, खात्री करून घेण्यासाठी, त्यालाच फोन लावेल.

आग्रही: आणि वही खणात कुलूपबंद राहिली, तर ज्या दिवशी तुम्ही नसाल त्या दिवशी ती मेलखालच्या नंबरवरच फोन करेल.

साशंक: हो. तेही आहेच.